लिमाचा दगड

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी एक दगड आहे. मुठीत मावेल एवढा, लांबट, गुळगुळीत. कोरडा असला की राखाडी, कुणाचंही लक्ष जाऊ नये असा. पाण्यात बुडवला की मात्र काळाभोर होतो आणि त्यातून एक पांढरी शीर धावताना दिसते. हॉलंडमधल्या कापेलच्या या घरात आल्यापासून मी त्याला कितीदा तरी नळाखाली धरलं असेल. तो वाळेपर्यंत बघत बसायचं आणि मग परत जागेवर ठेवून द्यायचं, हा माझा वेडेपणा घरात सगळ्यांना माहीत आहे.

परवा रेवानं तो मागितला. रेवा माझी मुलगी, आठ वर्षांची. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला कधी ना कधी वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. तिनं पेरू देश निवडला, कारण तिच्या जन्माआधी आईबाबा तिथे फिरून आलेत आणि घरात फोटो आहेत. "आई, मला ती लिमाची स्टोन दे ना. आणि फोटोज पण." मराठी तिला सगळं समजतं, पण बोलताना ती सोयीनं कुठल्याही भाषेत शिरते आणि कुठूनही बाहेर पडते.

मी दगड दिला. फोटो काढायला मात्र वेळ लावला. ते फोटो मी बघत नाही.

लिमा मला पहिल्यांदा दिसली ती गव्हात. कऱ्हाडला आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात वर्षाचा गहू वाळत घातलेला असायचा, जुन्या लुगड्यांवर पसरलेला. त्याला एरंडेल चोळायचं काम बायकांचं, आणि ते करता करता माझी आत्या हाताच्या कडेनं गहू सारून दक्षिण अमेरिका काढायची. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली. "ही डावी बाजू बघ, सरळ उतरते. आणि इथे पोटाशी लिमा." तिथे ती एक शेंगदाणा ठेवायची. आत्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. आमच्याच घरात राहिली आणि आई नोकरीवर गेली की मी तिचीच. आजही कुठे एरंडेलाचा वास आला की मला नकाशा आठवतो.

"एवढा मोठा समुद्र शेजारी, आणि पाऊस नाही," ती सांगायची. "का? तर समुद्राचं पाणी थंड. थंड प्रवाहावरून आलेल्या हवेला पाऊस पडत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, धरण उशाला आणि कोरड घशाला? लिमाचं तसंच, समुद्र उशाला." कोयनेचं धरण आमच्या खरंच उशाशी होतं, त्यामुळे हे उदाहरण वर्गातल्या सगळ्या मुलींना पाठ असे. मग पक्ष्यांच्या विष्ठेची बेटं यायची. त्या विष्ठेचं खत बोटी भरभरून युरोपात जायचं, हे ती अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगायची आणि मुली एकमेकींना कोपरं मारून हसून मरायच्या.

तिचा एक नियम होता. नकाशा काढताना किनारा आठवला नाही की मुली उगीच नागमोडी रेघ मारून मोकळ्या होत. आत्या त्यावर लाल पेन्सिलीनं काट मारायची आणि त्या रेघेचे गुण तर कापायचीच, वर बाकीच्यातलेही कापायची. "माहीत नसेल तर रेघ मोकळी सोड. खोटी मारू नकोस. तुझ्या रेघेवर विसंबून कुणीतरी जहाज हाकणार आहे." कऱ्हाडात कोण जहाज हाकणार होतं देव जाणे. पण मी घाबरून जागा मोकळी सोडायची, आणि तिला माझा तो अर्धवट दक्षिण अमेरिका खंडच आवडायचा.

ती स्वतः समुद्रावर एकदाच गेली होती, गणपतीपुळ्याला, शाळेच्या सहलीबरोबर. मुली मोजण्यातच वेळ गेला, समुद्र बघायचा राहिला, असं म्हणायची. मी नोकरीसाठी इकडे आले तेव्हा तिनं नकाशात कापेल शोधलं आणि फोनवर ओरडली, "अगं, समुद्रसपाटीच्या खाली संसार थाटलास की!" त्या आनंदात ती शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटली की आमची पोर समुद्राच्या खाली राहते. शेजारच्या मावशींनी काळजीनं विचारलं, मग कपडे कसे वाळतात?

त्यामुळे मी आणि सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लिमाची तिकिटं काढली तेव्हा ती सहल आत्याचीच होती. तिला मी चल म्हटलं होतं. "घसा धरलाय, खोकला जात नाही, कुठे एवढ्या लांब," म्हणाली. आवाज बारीक येत होता. "मला बोलायला लावू नकोस. तू तिथून बोलून पाठव, मी ऐकीन. आणि एक कर. तिथला किनारा गोट्यांचा आहे म्हणतात. लाट मागे जाताना आवाज होत असेल. तेवढा मला ऐकव." तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

लिमावर आभाळ खाली आलेलं होतं. ऑगस्टात तिथे हिवाळा असतो. सूर्य नाही, पाऊस नाही, नुसतं राखाडी झाकण. तिथली माणसं त्याला गाढवाचं पोट म्हणतात. चेहऱ्यावर काहीतरी ओलं बसायचं, पण जमीन भिजायची नाही. मी चौकात उभी राहून हसत सुटले, कारण हा सगळा धडा मला पाठ होता. जुन्या वाड्यांना लाकडी कोरीव बाल्कन्या होत्या, कपाटासारख्या बंद, बाहेर लटकवलेल्या. आत बसून बायकांनी रस्ता बघायचा, रस्त्याला बाई दिसता कामा नये. एका कोपऱ्यावर जांभळ्या मक्याचं सरबत मिळालं. मका, दालचिनी, लवंग, अननसाची सालं एकत्र उकळलेली. पेल्यावर नाक धरलं आणि खोकला झाला की आत्या करायची त्या काढ्याचा वास आला. हे सगळं मी फोनमध्ये बोलून तिला पाठवलं. थोड्या वेळानं निरोपाखाली निळी खूण आली. ऐकलं तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा सुहास खिडकीपाशी उभा होता, हातात फोन. "ऑफिसचं काही?" मी विचारलं. "हो," म्हणाला. "चल, आज तुला पाहिजे तिथे जाऊ."

सुहास हा सहलीत अर्ध्या तासात कंटाळणारा माणूस. संग्रहालयात बाक शोधणारा. त्या दिवशी तो माझ्या मागे मागे हिंडला, पर्स धरली, चार वेळा विचारलं पाणी हवं का. बारांकोच्या जुन्या वस्तीत भिंतींवर रंगीत चित्रं होती, गल्ल्या समुद्राकडे उतरत होत्या. तिथे एक लाकडी पूल आहे, उसाशांचा पूल म्हणतात त्याला. पहिल्यांदा ओलांडताना श्वास रोखून धरायचा आणि मनात काही मागायचं, मिळतं म्हणे. मी गाल फुगवून निघाले. अर्ध्यावर हसू येत होतं, तरी सोडला नाही श्वास. पलीकडे पोचल्यावर सुहासनं फोटो काढला आणि मग शेजारी उभा राहून दोघांचा. "काय मागितलंस?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आत्याला एकदा हा समुद्र दिसू दे." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच घट्ट. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला प्रेमाचं भरतं आलंय, असं मला वाटलं. त्या भरत्याची मला अजूनही चीड येते.

पुलाच्या टोकाला एक बाई मोठ्या कढईत कडी तळत होती. भोपळा आणि रताळ्याचं पीठ, बोटानं भोक पाडून तेलात सोडायचं, वर गुळासारखा पाक. अगदी आपले घारगे, फक्त मधे भोक. मी दोन प्लेट खाल्ल्या. सुहासनं एकही खाल्लं नाही. पोट बरं नाही म्हणाला.

मग आम्ही कड्यावरून खाली किनाऱ्यावर उतरलो. आणि तो आवाज. लाट येताना सगळ्या समुद्रांसारखीच येते. मागे जाताना मात्र हजारो दगड एकमेकांवर आपटत, घरंगळत तिच्याबरोबर जातात. पाटावर सागरगोटे टाकल्यासारखा आवाज, पण संपत नाही असा. मी फोन अगदी पाण्याजवळ धरला, चपला भिजल्या. "आत्या, ऐक," एवढंच बोलले आणि पुढे नुसतं समुद्राला बोलू दिलं. पायाशी एक ओला काळा दगड होता, पांढऱ्या शिरेचा. तो तिच्यासाठी उचलला. संध्याकाळी निळी खूण आली.

पुढचे दिवस आम्ही किनाऱ्यानं दक्षिणेला गेलो, पाराकासला. एका हाताला वाळवंट आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधे रस्ता. बोटीतून बेटांकडे जाताना वाळूच्या डोंगरावर कुणीतरी युगांपूर्वी कोरलेली प्रचंड दीपमाळ दिसते. बेटं जवळ आली आणि वास आला. बोटीतल्या सगळ्यांनी रुमाल काढले. वाटाडी पोरगी म्हणाली, "हा आमचा जुना खजिना आहे, नाक धरू नका!" मी खरंच धरलं नाही. छातीभरून तो घाण वास घेतला आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. लाखो पक्षी, खडकांवर सुस्तावलेले समुद्रसिंह, त्यांची आरडाओरड. आत्याचा शब्दन् शब्द खरा होता. तेही बोलून पाठवलं. निळी खूण.

घरच्यांशी बोलणं होत नव्हतं. माझे आईबाबा वारल्यापासून कऱ्हाडचं घर म्हणजे दादा, वहिनी आणि आत्या. दादाचा फोन बिघडलाय, असं सुहासकडून कळलं. पण खानदानाच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येत होते, त्यामुळे मनात काही आलं नाही. मी पेलिकनचे फोटो टाकले. कल्याणच्या चुलतबहिणीनं अंगठा दाखवला. काकूंनी लिहिलं, मजा करा.

घरी परतल्यावर बॅग उघडून मी आधी दगड काढला, धुतला आणि फोन हातात घेतला. "आत्याला लावते आता." सुहास म्हणाला, "थांब." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. तो खुर्ची ओढल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. आत्या गेली होती. पुलाच्या दिवशी पहाटे.

म्हणजे मी श्वास रोखून मागितलं तेव्हा मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी घारगे खात होते तेव्हा कऱ्हाडच्या घरात तळण बंद होतं. ज्या घराण्यात कुणाला दिवस गेले तर ती बातमी संध्याकाळच्या आत साताऱ्यापर्यंत पोचते, त्या घराण्यानं हे एक गुपित सांभाळलं! श्रद्धांजलीसाठी त्यांनी दुसरा ग्रुप काढला होता, मला वगळून. आणि जुन्या ग्रुपवर गुलाबाची फुलं चालू ठेवली होती, मला शंका येऊ नये म्हणून. फुलं टाकायची पाळी लावली होती की काय, कोण जाणे.

मी तेराव्याला पोचले. दारात दादा म्हणाला, "येऊन तरी काय करणार होतीस? पोचलीच नसतीस. तुझ्यासाठीच केलं." वहिनी म्हणाली, "तुमच्यासाठीच हो वन्सं." काकूंनी तर शास्त्रच काढलं. "परदेशी असलेल्या माणसाला कळेपर्यंत सुतक नसतं बाळा. तू मोकळी होतीस. खाल्लंस, हिंडलीस, त्यात दोष नाही." दोष नाही हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला किंचाळावंसं वाटलं. मला मोकळं ठेवायचा अधिकार यांना कुणी दिला? रडायचे ते दिवस माझे होते. ते त्यांनी आपसांत वाटून घेतले.

स्वयंपाकघरात मी वहिनीला एकटीला गाठलं. "निळ्या खुणा कशा येत होत्या?"

ती पोळी लाटत होती, वर बघितलं नाही. "मीच उघडत होते. खूण आली नसती तर तुम्हाला संशय आला असता."

"आणि दगडांचा आवाज?"

"तो नंतर आला वन्सं. बाल्कन्यांचा तेवढा त्यांनी ऐकला. हसल्या होत्या." वहिनी असं म्हणते. पण ज्या बोटानं खोट्या खुणा केल्या त्याच बोटाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मग तिनं लाटणं खाली ठेवलं आणि उरलेलं सांगून टाकलं. घशाचा आजार साधा नव्हता. आम्ही निघण्याआधीच आत्याला तो माहीत होता. तिनं स्वतः सुहासला फोन करून शब्द घेतला होता. "पोरगी परत फिरेल. तिला समुद्र बघून होऊ दे. मग सांगा."

सुहासशी मी वर्षभर नीट बोलले नाही. दादाशी अजूनही जेवढ्यास तेवढं. पण ही माणसं काय, सांगितलं तसं वागली. मला फसवलं ते आत्यानं. सबंध कऱ्हाडच्या मुलींच्या वह्यांतून खोट्या रेघा खोडत जिचा जन्म गेला, तिनं माझ्यासाठी एक अख्खा किनारा खोटा काढून ठेवला आणि मी विश्वासानं त्यावरून हिंडून आले. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. फोटोतल्या बाईशी मी भांडते. काठापदराची साडी, चष्मा, कपाळावर बारीक टिकली. ती ऐकून घेते, पण चुकले म्हणत नाही.

मधे एकदा चिडून मी दगड घेऊन मेट्रोनं हुक ऑफ हॉलंडच्या किनाऱ्यावर गेले होते. आमच्या इथून मेट्रो थेट समुद्रापर्यंत जाते, भाजी आणायला निघाल्यासारखं समुद्रावर जाता येतं. फेकून द्यायचा असं ठरवलं होतं. पण तिथे नुसती वाळू. लाट येते, वाळूत जिरते, मागे जाताना काही बोलत नाही. या मुक्या समुद्रात त्याला एकट्याला टाकायचं माझ्या जिवावर आलं. खिशात घालून परत आणला.

तर परवा रेवा जेवणाच्या टेबलावर नकाशा काढत बसली होती. सुहास भात टाकत होता. मी फोटो तिच्यापुढे ठेवले आणि पाठमोरी होऊन कोथिंबीर निवडायला घेतली.

"आई, या ब्रिजवरच्या फोटोत बाबा क्राय करतोय का?"

एवढ्या वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. मी वळून बघितलं. मी दात काढून हसते आहे, गाल अजून लाल. सुहासचं तोंडही हसतंय. डोळे नाहीत.

"आणि ही स्टोन तू आत्याआजीला आणलीस ना? मी क्लासमध्ये सांगणार आहे. तिला आवडली?"

हो म्हणणं किती सोपं होतं. आठ वर्षांचं पोर, उद्या वर्गात बोलायचं, उगीच तिच्या जिवाला घोर कशाला? हेच ते शब्द. हेच त्या सगळ्यांनी तेव्हा म्हटलं असणार, असंच कोथिंबीर निवडता निवडता.

"नाही," मी म्हटलं. "तिला मिळालाच नाही. मी उचलला तेव्हा ती गेलेली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"बाबाला माहीत होतं?"

"हो."

तिनं पेन्सिल ठेवली. इथल्या पोरांना बोलताना आडपडदा नसतो, शाळेतच तशी सवय लावतात. तिनं सरळ बापाकडे बघितलं आणि डचमध्येच सुरू केलं. "बाबा, दात इस लीखन. तू खोटं बोललास."

माझ्या घराण्यातल्या एकाही माणसानं हे वाक्य आजवर उच्चारलं नव्हतं. मी सुद्धा नाही. मी फक्त अबोला धरला, आदळआपट केली आणि वाट बघितली. सुहासच्या हातात झारा होता. आता तो म्हणणार, मी शब्द दिला होता गं. आता तो म्हणणार, तुझ्या आईसाठीच केलं.

"हो," सुहास म्हणाला. "खोटं बोललो. तिला फसवलं मी."

भात उतू गेला. कुणी गॅस बंद केला नाही. मी कोथिंबिरीत डोकं घालून रडले, त्या पुलाच्या पलीकडे उभी राहून रडायला हवं होतं तशी. रेवा उठून आली आणि माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली.

रात्री तिचा नकाशा पाहिला. डावा किनारा सरळ उतरलेला, पोटाशी लिमाचा ठिपका. खालच्या टोकाशी, जिथे किनाऱ्याचे तुकडे तुकडे होतात, तिथे तिला आठवलं नव्हतं आणि तिनं रेघ मारलेली नव्हती. हे मी तिला कधी शिकवलं, मला आठवत नाही.

दगड तिच्या दप्तरात ठेवला. सुहासचं उत्तर मला मिळालं. आत्यालाही तोच प्रश्न विचारला असता, तर ती हो म्हणाली असती की नाही, मला माहीत नाही. तेवढी रेघ मी मोकळी सोडली आहे.